झोरा वसाहतीचे वारस

शांततेला चाळीस सेकंद होऊन गेले होते आणि ती संपण्याचे काही लक्षण दिसत नव्हते. एकतीस रहिवासी माना खाली घालून उभे होते. प्रत्येकाच्या हातात दोन फुले. आमच्या डॅन्यूबकाठी जिवंतांना विषम फुले देतात, सम मृतांना. व्यासपीठावरून उपमहापौर कुशेव यांनी नुकतेच विचारले होते, "आराखड्यावर कोणाची हरकत?" रहिवासी-प्रतिनिधी म्हणून मी त्यांच्या शेजारी, पाण्याच्या बाटलीमागे बसलो होतो.

"हे उभे का?" कुशेव कुजबुजले.

"आदरापोटी, साहेब."

"मग लिहा. आदरपूर्वक संमती."

याचे मूळ नियमातच होते. विकास आराखड्याची सूचना 'नागरिक जेथे थांबून लक्षपूर्वक वाचतात' अशा ठिकाणी लावावी, असे नियम सांगतो. पालिकेने सहा महिने पाहणी केली. आमच्या गावात माणूस थांबून वाचतो तो एकच कागद: इमारतीच्या दारावर चिकटवलेले निधनपत्रक. तेव्हा सूचनेची छपाई निधनपत्रकांच्याच छापखान्याकडे गेली. त्याच्या यंत्रात साचा एकच, आणि त्यातली एकही जागा रिकामी राहिली तर यंत्र अडते. म्हणून काळ्या चौकटीत छापले गेले: नाव, झोरा वसाहत. वय, सत्तेचाळीस वर्षे. मधोमध आकाशातून टिपलेले छायाचित्र. खाली, 'सर्वांनी उपस्थित राहावे.' कच्चा मजकूर मला दाखवला होता. मी एक स्वल्पविराम सुधारला.

मिनिट भरले, माणसे खाली बसली. वेलिका आजींनी साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचा डबा फिरवला. मृतासाठी करतात तो गहू कुशेव यांनी दोन चमचे खाल्ला आणि लोकसहभागाच्या गोडव्याचे कौतुक केले. मग नकाशा उलगडला. चौदा नंबरच्या इमारतीमागे एक करडा चौकोन होता: चारमजली वाहनतळ.

आजींनी चष्मा लावला. "अगं बाई, हा तर माझा मांडव!"

मांडव द्राक्षांचा. त्यांच्या नवऱ्याने, अस्पारुहने, हाताने लावलेला. तो गेल्यापासून आजी रोज सकाळी त्याखाली कॉफीचे दोन कप मांडतात, एक पितात आणि दुसरा निवू देतात.

"आजी, हरकतीची वेळ संपली," कुशेव म्हणाले. "पूर्ण एक मिनिट दिले होते."

"ते मयताचं मिनिट होतं, मेल्या!"

"कोणाच्या मयताचे?"

"वसाहतीच्या! तुम्हीच डकवलंत ना दारावर?"

कुशेव यांनी विधी अधिकारी देनेवा बाईंकडे पाहिले. बाईंनी पुस्तक चाळले. "वसाहत मृत असेल तर रहिवाशांना हरकत घेता येत नाही. वारसांना येते."

"वारस कोण?"

"पत्रक वाचून आलेले सगळे."

वारस दाखल्याला मृत्यूचा पुरावा लागतो. पत्रक पुरावा ठरले. गळक्या नळाच्या अर्जावर जो शिक्का दोन वर्षे उमटला नव्हता तो वीस मिनिटांत बत्तीस वेळा उमटला. मलाही एक दाखला मिळाला. लिफ्टच्या दुरुस्तीवर ज्यांचे कधी जमले नाही ते आता एकमेकांचे भाऊबंद झाले होते.

"आता वारसांनी ठरवावे," देनेवा बाई म्हणाल्या. "मांडव राखायचा, की वाटणी करायची. एका वारसाचा नकार हा दुःखावेग समजला जाईल. दोघांचा असेल तर हरकत, आणि मग वाहनतळ रद्द."

"वाटणीत काय येणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या गेंचो खाटकाने विचारले.

"दर गाडीमागे एक जागा."

"आणि माझ्या मेहुण्याच्या गाडीला?"

"मेहुणा मयताचा कोण लागतो?"

"लागेल की! जागा द्या, मग बघा कसा धाय मोकलून रडतो ते."

सभागृह हसले आणि वाटणीसाठी हात वर झाले. तीस हात, त्यांतल्या काहींत अजून फुले होती. आजींचा हात मांडीवर राहिला. उरलो मी.

"झाहारी," आजी म्हणाल्या, "दर सप्टेंबरला बाल्कनीतून वाकून घड तोडतोस. मला काय दिसत नाही होय? मी म्हणायचे, खाऊ दे पोराला. आता बोल की बाळा. एवढंच म्हण, नको. दोघं झालो की झालं."

मी तुमच्यासारखाच हळवा माणूस आहे. कुठे झाड तोडल्याची बातमी वाचली की माझाही घास घशात अडकतो. मग गाडी कुठे लावावी या काळजीने तो आपोआप खाली उतरतो. माझ्या दाखल्याच्या पाठीवर देनेवा बाईंनी बारीक अक्षरांत, सौजन्य म्हणून, आधीच लिहून ठेवले होते: जागा क्रमांक सात, दारालगत.

"झाहारी?"

मी बाटलीला झाकण लावले, दाखल्याची घडी खिशात घातली, आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून दाराकडे चालू लागलो.