एका बाहीचा स्वेटर

घरातलं कपाट आवरायला सरांची मोठी बहीण, ताई, आली तेव्हाच सरांनी तिला बजावलं होतं, "दोन पिशव्या कर. एक द्यायची, एक ठेवायची." ताईने दोन पिशव्या केल्या. पण घरातल्या सगळ्या पिशव्या एकाच जुन्या पडद्याच्या शिवलेल्या होत्या, कारण सरांच्या घरात पडदा फाटला म्हणून कुणी फेकून देत नसे. त्या दोन्ही पिशव्या दाराशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि सकाळच्या घाईत सरांच्या हाताला जी लागली ती त्यांनी उचलली.

सर कॉलेजात पर्यावरण शिकवत. मुलं पाठीमागे त्यांना 'हिरवे सर' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं त्यांनी घसा कोरडा केला, पण एकही पोर जागचं हललं नव्हतं. सायकल दिन ठेवला तेव्हा सायकलवर फक्त ते आणि वॉचमन आले, आणि वॉचमन तर रोजच सायकलवर येतो. तीन रंगांचे कचऱ्याचे डबे मांडले, तर सगळा कचरा मधल्या डब्यात, कारण तो दाराजवळ होता. घरी येऊन सर कुरकुर करत तेव्हा बायको विणता विणता म्हणे, "ऐकत नाहीत तेच बरंय. एक दिवस खरंच ऐकतील आणि तुमचीच पंचाईत होईल."

ती उन्हाळ्यात गेली. थंडीसाठी म्हणून आधीच विणायला घेतलेला सरांचा स्वेटर तसाच राहिला. गडद हिरवा, उजवी बाही पुरी झालेली, डावी जेमतेम सुरू केलेली, सुया तशाच खोचलेल्या. माप घेताना तिने टेप त्यांच्या पोटाभोवती फिरवला होता आणि म्हणाली होती, "अहो, हे माणसाचं माप नाही, पिंपाचं आहे." सर तेव्हा रागावले होते, चांगले संध्याकाळपर्यंत. आता तो राग आठवला की त्यांना फार वाईट वाटे. रोज झोपण्यापूर्वी ते तो स्वेटर नुसता हातात घेऊन बसत. ताईने तो ठेवायच्या पिशवीत घातला होता.

तर त्या सकाळी हॉस्टेलच्या ओट्यावर 'द्या-घ्या कपाटा'चं उद्घाटन होतं. नको असेल ते ठेवायचं, हवं असेल ते न्यायचं, नवीन विकत आणायचं नाही. सरांनी भाषण केलं. "नियम एकच," ते म्हणाले, "दिलेली वस्तू परत मागायची नाही. मीसुद्धा मागणार नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पिशवी न उघडताच आत ठेवली. आपल्या जुन्या पँटी आणि चिरलेला रेनकोट चारचौघांत काढून काय दाखवायचा.

दुपारी घरी येऊन त्यांनी उरलेली पिशवी उघडली. वरच रेनकोट होता.

"ताई, ठेवायची पिशवी कुठली होती?"

"दाराच्या उजवीकडची."

"आतून बघताना उजवीकडची, की बाहेरून?"

ताईने दाराकडे दोनदा बघितलं. मग म्हणाली, "जा आणि घेऊन ये. कपाट तुझंच आहे ना?"

"परत मागायचं नाही असा नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

ताईने कपाळाला हात लावला.

सर निघाले, पण फार काळजीत नव्हते. आपली कुठलीच योजना आजवर चालली नाही याचा त्यांना पहिल्यांदाच आधार वाटत होता. कपाटाला कुणी शिवलंही नसेल, गुपचूप पिशवी काढून घेऊ, असा त्यांचा हिशेब. जाऊन पाहतात तर कपाट रिकामं. मुलांनी पिशवीसुद्धा नेली होती.

जिन्यात एक मुलगी भेटली. तिच्या हातात बायकोची निळी छत्री होती.

"सर, तुमच्यामुळे," ती म्हणाली. "मी नवी घेणारच होते."

"छान," सर म्हणाले. त्यांचा हात छत्रीकडे गेला होता, तो त्यांनी तसाच वर नेऊन केसांवरून फिरवला. "त्यात एक स्वेटरही होता का गं?"

"तो खांबाने नेला."

खांब म्हणजे हॉस्टेलमधला सगळ्यांत उंच मुलगा. सरांनी वाटेत विचार केला की मागायचं नाही असा नियम आहे, पण अदलाबदल करायची नाही असं काही आपण म्हटलेलं नाही. खोलीत शिरताच त्यांनी अंगातला कोट काढला. "हा घे. त्याच्या बदल्यात मला तो स्वेटर दे."

खांबाने कोट चढवला, आरशात पाहिलं, बटणं लावली आणि मग म्हणाला, "थँक्यू सर. पण स्वेटर माझ्याकडे कुठाय? एकच बाही होती त्याला. घालणार कसा? शिवणकाम येतं त्या चष्मेवालीला देऊन टाकला."

कोट परत मागता येईना. बाहेर वारं सुटलं होतं. सर मफलर घट्ट करून चष्मेवालीच्या वर्गाशी गेले. ती थंडीने कुडकुडत बाकावर बसली होती. सर स्वेटरचं बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांनी मफलर कधी काढून तिच्या गळ्यात घातला ते त्यांनाही कळलं नाही.

"सर, तुम्ही किती देता हो सगळ्यांना," ती म्हणाली. "तो स्वेटर ना? अर्धाच राहिला होता. सुयांवरचे टाके मी बंद केले, डावीकडचं भोक शिवून टाकलं. कुणीतरी पुरा करायला हवा होता ना."

ते टाके सुटू नयेत म्हणून इतके महिने सर तो स्वेटर किती जपून उचलत होते. आता ते बंद झाले होते.

"कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं.

"कँटीनमध्ये, सर. बघाच तुम्ही. तुम्हाला आवडेल."

कँटीनमध्ये चहाचं मोठं स्टीलचं पिंप होतं. त्याच्याखाली दिवसभर गॅस जळायचा आणि तो बंद करा म्हणून सर कँटीनवाल्या मावशींच्या किती विनवण्या करून थकले होते. आज गॅस बंद होता. पिंपाने हिरवा स्वेटर घातला होता. उलटा, गळा खाली, आणि खालच्या बाजूला जी एकुलती बाही आली होती ती बरोबर तोटीवर बसली होती.

"बघा सर, सकाळचा चहा अजून कढत आहे," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "आणि बसलाय बघा कसा. ओढावं लागलं नाही की खोचावं लागलं नाही. जणू याचंच माप घेऊन विणलाय."

सर हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि मग ते थांबेनात. रांगेतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"सर, तुमचा होता का हा?" मावशींनी हळूच विचारलं. "काढू का? लगेच काढते. आमचा गॅस आहेच."

सरांनी पिंपाच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. लोकर उबदार होती. घरी ती कधीच इतकी उबदार लागली नव्हती. त्यांना ती हवी होती, अगदी आत्ता, छातीशी धरून घरी न्यायला. मागे रांगेत कुणीतरी कप वाजवत होतं.

"नको," ते म्हणाले. "गार पडेल."

चहा घ्यायचा तर बाही जरा वर सरकवावी लागत होती. सरांनी ती हलकेच सरकवली, कप भरून घेतला आणि बाही पुन्हा नीट खाली ओढली.

घरी पोचेपर्यंत ते गारठून गेले होते. ताईने दार उघडलं आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोट कुठाय? मफलर कुठाय?"

"दिले."

"आणि स्वेटर? सापडला का?"

"सापडला. पुरा झालाय आता."

"मग घालून का नाही आलास? येत नाही का अंगात?"

"मापात आहे," सर म्हणाले. "ती म्हणाली होती अगदी तसाच."