चेंडू न सोडता फेकण्याची सुधारित पद्धत

मूल हलते, ही गोष्ट पूर्वी फक्त आयांना ठाऊक होती; आता तिला समितीची मान्यता मिळाली आहे. मान्यता मिळाल्यावर मुलांच्या हलण्याची नीट सोय करणे ओघानेच आले. म्हणून शाळेने मैदान बंद केले.

यात घाईगडबड झाली नाही. मैदानाचे तोटे रीतसर लिहून काढले गेले. तिथे धूळ असते, गुडघे फुटतात आणि कोण किती हलले याची नोंद राहत नाही. (तिसरा तोटा सर्वांत गंभीर.) मग मैदानावर शिक्षकांच्या गाड्या लागल्या आणि चित्रकलेच्या खोलीत भिंतीएवढा पडदा लावून त्यावर व्हिडिओ गेम बसवला. मुलाने मनगटाला दोरीने बांधलेला रिमोट हातात धरून उडी मारायची किंवा चेंडू फेकल्यासारखा हात फिरवायचा. पडद्यातले अस्वल त्याहून उंच उडी मारते आणि गुण मुलाला मिळतात. पहिल्याच सहामाहीत शाळेतली हालचाल एकशे बारा टक्के भरली. वरचे बारा टक्के कोण हलले हे कळेना, तेव्हा समितीने ते पंख्याच्या नावावर टाकले.

व्यायामशिक्षकांना पोरे शिट्टीसर म्हणत. शिट्टीने यंत्र गोंधळते म्हणून ती काढून घेतली होती, पण नाव काढून घ्यायचे राहून गेले. सरांना आता दोनच कामे होती: यंत्र चालू करणे आणि यंत्राने दिलेल्या गुणांखाली सही करणे. त्याआधी वीस वर्षे ते पोरांना एकच सांगत आले होते, खांद्यातून फेक आणि वेळेवर सोड. तेच अंगाशी आले.

तिसरीतल्या एका मुलीला सगळे भिंगरी म्हणत. तिने सरांचे शब्द कानात जपून ठेवले होते. पडद्यासमोर चेंडूफेकीची पहिली पाळी आली, तशी ती खांद्यातून फेकून वेळेवर सोडून मोकळी झाली. रिमोट दोरी तोडून गेला आणि अस्वलाच्या नाकावर बसला. यंत्राने शून्य गुण दिले आणि शेरा लिहिला: 'विद्यार्थिनी सोडते.'

फेकण्यात अप्रगत ठरलेल्या मुलाला वर्षभर मधल्या सुट्टीत सुधारवर्गात बसावे लागे. भिंगरीची मधली सुट्टी आता सरांच्या एका सहीवर लटकली होती. सर तीन दिवस पेन सापडत नाही म्हणाले. चौथ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावणे गेले. ते नळदुरुस्तीचे काम करत.

"सर, कायतरी चुकतंय बघा," ते म्हणाले. "मी टाकीवर चढलो की ही खालून पाना फेकते. बरोब्बर माझ्या हातात येतो."

"फेकताना सोडते का?" मोठ्या बाईंनी विचारले.

"म्हणजे? सोडल्याशिवाय वर कसा येईल, बाई?"

बाई सरांकडे वळल्या. "बघा. घरचंच वळण आहे."

"बाई, एकदा खरा चेंडू देऊन बघू या," सर म्हणाले. "एकदाच."

"खरा म्हणजे कुठला?"

"हातात येतो तो."

दोन गाड्या हलवून परीक्षेपुरती जागा करण्यात आली. समिती बसली, पालक बसले. आधी शाळेतला पहिला आला. त्याला गुणांवरून सगळे नव्व्याण्णव म्हणत. त्याने एक पाय पुढे टाकला, कंबर वळवली, हात असा काही फिरवला की पाहणाऱ्याचे डोळे निवावेत. चेंडू हातातच होता. मग तो गुणांची वाट पाहत उभा राहिला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. समितीने नोंद केली: 'चेंडू सुस्थितीत.'

मग भिंगरी आली. तिने चेंडू फ्रॉकला पुसला आणि सरांकडे पाहिले.

"सोड," सर पुटपुटले.

चेंडू अकरा गाड्यांवरून गेला, भिंतीवरून गेला आणि पुढेही गेला.

"चेंडू कुठाय?" समितीने विचारले.

"लांब गेला!" सरांचा आवाज चिरकला.

"ते आम्हालाही दिसलं. पण मोजायचा कसा? भिंतीपलीकडे शाळेची हद्द नाही."

हिशेब सरळ होता. दिलेले चेंडू एक, परत आलेले शून्य. यंत्रातला चेंडू दर वेळी परत येतो. त्यामुळे दोष चेंडूचा नाही, हे सिद्ध झाले. सरांनी सही केली.

सुधारवर्गात भिंगरीचा हात रुमालाने चेंडूला बांधत. सहा आठवड्यांत तिला सत्त्याण्णव गुण पडले. आता वडिलांनी टाकीवरून पाना मागितला की ती खांद्यातून सुरेख हात फिरवते आणि पाना घेऊन तशीच उभी राहते. पाना न्यायला वडील स्वतः खाली उतरतात, दिवसातून नऊ वेळा. (त्यांच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा आहे.)

सरांनी सही करायला नको होती, असे तुम्हाला वाटले असेल. सरांनाही वाटत होते. सहीआधी त्यांनी पेन खाली ठेवून पालकांकडे पाहिले. एकाने जरी 'पोरीने लांब फेकला हो' म्हटले असते तरी ते पेन पुन्हा उचलणार नव्हते. शाळेने त्या परीक्षेचे चित्रण केले आहे, हवे त्याला बघता येते. भिंगरीचा चेंडू भिंत ओलांडत असताना तिसऱ्या रांगेत कोणीतरी मान खाली घालून नव्व्याण्णवचा व्हिडिओ पुढे पाठवत आहे. चित्र जरा मोठे करून पाहा. चेहरा दिसत नाही. अंगठा मात्र तुमचाच आहे.