तारमास्तर आणि दोन सरकारं

आमचे शेजारी तारमास्तर रेडिओवरच्या माणसाला उलट उत्तरं देत. मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं, खुर्चीतून उठून. दिल्लीच्या निवेदकानं लांबलचक वाक्य संपवलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "अरे बाबा, हे चार शब्दांत बसलं असतं. बाकीचे फुकट गेले."

उभा जन्म रेल्वेच्या तारऑफिसात गेलेला. लोकांचे मजकूर शब्द मोजून मोजून पाठवलेल्या माणसाला पुढाऱ्यांची भाषणं सोसणार कशी? निवृत्तीनंतर ते शनवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. एकटेच. सोबत बॅटरीवर चालणारा रेडिओ. गल्लीतला तो एकमेव, त्यामुळे मास्तरांचा रुबाब तहसीलदारासारखा. त्याची एरियलची तार त्यांनी मला न विचारता आमच्या छपराला बांधली. तिच्यावर कावळे बसायचे आणि खाली माझ्या बायकोचे पापड वाळत असायचे. यावरून घरात मी जे ऐकलं ते कुठल्याच केंद्रावर लागत नसे.

संस्थानं भारतात सामील होत होती तेव्हाची ही गोष्ट. हैदराबाद मात्र अडून बसलेलं. दिल्लीचा रेडिओ सांगायचा, हैदराबादच्या मुलखात गावंच्या गावं लुटली जाताहेत. तासाभरानं हैदराबादचा रेडिओ म्हणायचा, सगळीकडे बिलकुल अमन आहे, दिल्ली खोटं बोलते. मास्तर रोज संध्याकाळी आधी दिल्ली लावत, मग हैदराबाद; दोन्ही पूर्ण आवाजात. मी शाळामास्तर. मुलांच्या वह्या तपासायला बसलो की दोन सरकारं माझ्या डोक्यावर भांडत. एकदा तर बेरजेच्या गणिताखाली मी 'वाटाघाटी' असा शेरा लिहिला.

सांगून पाहिलं. "गुरुजी, तार दोन्ही टोकांनी ऐकावी लागते," एवढंच उत्तर.

मग गल्लीत कुजबुज सुरू झाली, की मास्तर आतून हैदराबादचे. कुणीतरी तार तोडली. त्यांनी ती पुन्हा बांधली, अर्थात आमच्याच छपराला. शेवटी एक दिवस हवालदार आला, तोही माझ्याकडे. रोज हैदराबाद कोण ऐकतं आणि कशासाठी, असं त्यानं मला विचारलं. उद्यापर्यंत सांगतो, असं म्हणून मी त्याची बोळवण केली आणि तणतणत मास्तरांकडे गेलो. म्हटलं, दिल्ली खुशाल ऐका, पण ते हैदराबाद बंद करा. तुमच्यापायी मीही आत जाईन.

मास्तरांनी पहिल्यांदाच रेडिओचा आवाज कमी केला.

"माझी लेक कुसुम जालन्याला दिलीय, त्याच मुलखात," ते म्हणाले. "तीन महिने झाले, पत्र नाही. दिल्लीवाला त्या बाजूची खबर सांगतो, ती ऐकली की ताटावर बसवत नाही. मग हैदराबादवाला सांगतो, सगळं ठीक आहे. तो खोटं बोलतो, मला कळतं, गुरुजी. पण ते ऐकलं की दोन घास जातात."

दुसऱ्या दिवशी हवालदाराला मी सांगितलं, की हैदराबाद मीच लावायला सांगतो, मुलांना भूगोल शिकवायचा असतो. त्याचा विश्वास बसला नाही, पण तो परत आला नाही.

पुढं भारताची फौज हैदराबादेत शिरली आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. गल्लीत पेढे वाटले. मास्तरांनीही एक घेतला, हातातच धरून ठेवला. संध्याकाळी त्यांनी दिल्ली ऐकली, मग सवयीनं काटा हैदराबादवर नेला. अमनची ती जुनी ग्वाही आता कोण देणार? ते नुसती खरखर ऐकत बसले.

मी जाऊन शेजारी बसलो. म्हटलं, "मास्तर, जालन्यात सगळं ठीक आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

मास्तरांनी उठून ताट वाढून घेतलं. त्यानंतर रोज त्या वेळी मी जायचो आणि तेच खोटं सांगायचो.

नवव्या दिवशी मास्तर आमच्या दारात उभे राहिले. एवढ्या वर्षांत आमचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. हातात कुसुमचं पत्र होतं. "तीर्थरूप बाबांस," इथपर्यंत त्यांनी वाचलं आणि पत्र आमच्यापुढं धरलं. माझ्या बायकोनं पदराला हात पुसले, त्यांना पाटावर बसवलं आणि पत्र स्वतःच्या हातात घेऊन सावकाश, पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.