गिळली म्हनू नोका

शेवंताबाईंनी आमच्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख पाहुण्यांना भर सभेत तोंड उघडायला लावलं होतं. भाषणाआधी बिचाऱ्यांचं डोकं दुखायला लागलं, म्हणून त्यांनी गोळी मागितली. बाईंनी गोळी दिली, पाणी दिलं आणि बॅटरीचा झोत तोंडात मारून म्हणाल्या, "जीभ वर करा." फोटोत पाहुणे हार घालून आ वासून बसलेले आहेत.

मी तिथला कारकून. एकोणऐंशी-ऐंशीचे दिवस. वर्ध्याहून आंजीकडे जाताना आमचा आश्रम लागायचा. बाई तिथल्या नर्स, औषधं त्यांच्या ताब्यात. "गिळली म्हनू नोका, दाखवा," हे त्यांचं पालुपद. म्हातारे त्यांना फौजदारीण म्हणत. पण म्हातारे तरी कुठे साधे होते! कुणी गोळी गालात दाबे, कुणी मुठीत लपवे, आणि मग तंबाखूच्या चिमटीसारखी शेजाऱ्यापुढे धरे. मले गुन आला, तुले बी येईन, असा तो शेजारधर्म. शेवटी व्यवस्थापकांनी दम भरला, की जो आपली गोळी दुसऱ्याला देईल त्याला घरी पाठवू. घर असतं तर ही माणसं आमच्याकडे कशाला आली असती?

किसनाजी आणि डोमाजी एकाच गावचे. खाटेला खाट लागून, बिडीसुद्धा अर्धी-अर्धी. किसनाजींना साखर आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या, डोमाजी ठणठणीत. एका चतुर्थीला दुपारी उपाशीपोटी डोमाजी घामानं निथळले, हात कापू लागले, बरळू लागले. कुणी म्हणालं उपासाची भोवळ, कुणी कांदा हुंगवायला धावलं. डॉक्टर वर्ध्याला. माझी तर पाचावर धारण बसली.

बाईंनी किसनाजींकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. एरवी छप्पर डोक्यावर घेणाऱ्या बाई त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या. "तुमाले कोनी काहाडत नाई. कोनती गोळी देल्ली त्याले?"

किसनाजींनी मान आणखी भिंतीकडे वळवली. तिकडे डोमाजींचे डोळे मिटत चालले होते. साखरेची की दाबाची, यावर पुढचं सगळं होतं. मला त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. बाई त्यांचा हात धरून बसून राहिल्या.

"साखरेची," ते शेवटी म्हणाले. "त्याले कमजोरी वाटून राह्यली होती. अर्धी मी खाल्ली, अर्धी त्याले देल्ली."

म्हणजे उपाशीपोटी रक्तातली साखर पार उतरली होती. बाईंनी डोमाजींना टेकून बसवलं आणि साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, प्रत्येक घोट गळ्याखाली उतरेपर्यंत थांबत. मग जीपमधून इस्पितळ. डोमाजी वाचले, दोन-तीन दिवसांनी परत आले.

व्यवस्थापकांनी किसनाजींना घालवलं नाही, पण दोघांच्या खाटा एकमेकींपासून लांब हलवायला सांगितलं. बाईंनी खाटांना हात लावू दिला नाही. दुपारी त्या आपला डबा घेऊन आल्या. औषधांच्या खोलीत दार लावून एकट्या जेवणाऱ्या बाई त्या दिवशी दोघांच्या मधे बसल्या.

"वाटाचंच असन तं हे वाटा," भाकर पुढे ठेवत त्या म्हणाल्या. "माह्या घरी वाटाले कोनी नाई."

किसनाजींनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा बाईंना दिला.