कासारणीच्या आवाजाची बखर

श्रीशारदा समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, कार्तिक मासी, विद्यानगरीचे दरबारी नूतन संशोधक मंडळी दाखल जाहली. प्रत्येकाचे मनी एकच मसलत, की संगणकावर संग्रह उभारावा, सकळ जगास खुला करावा आणि त्यावरच विद्यार्थ्यांस शिकवावे. हेतु उत्तम. परंतु मागील साली येथेच काय घडले ते दरबारचे अहवालात नाही, म्हणोन आम्ही लिहितो.

उत्तराबाई भोपळे म्हणोन एक संशोधक होत्या. हुशार, कष्टाळू, पोटात कपट नाही. त्यांनी बांगड्या भरणाऱ्या कासारणींचे बोल ध्वनिमुद्रित करण्याचा विडा उचलिला आणि मोबाइल घेऊन तालुक्यावर स्वारी केली, आणि तेथे चंद्राबाई कासारीण भेटली. वय सत्तरीपार, कैक गावांच्या लेकीसुनांचे हात तिने भरलेले. बाईने चार दिवस बांगड्यांची नावे सांगितली, चुड्याची रीत सांगितली, आणि पाचवे दिवशी "पुरं झालं, आता च्या टाकते" म्हणोन उठली. यंत्र उत्तराबाईंचे मांडीवर होते, ते बंद करावयाचे राहिले. मग चुलीपाशी बसोन, कोणी न विचारता, म्हातारी बोलू लागली. "माझी यमुना दोनदा सासरहून पळून आली. दोन्ही बारी मी तिचं हात नव्या बांगड्यांनी भरलं आन परत धाडली. तिसऱ्या बारी हिरीत गावली. पाय घसरला म्हनून सांगितलं समद्यास्नी." मग दोघीही रडल्या आणि चहा तसाच निवला.

घरी येऊन ऐकता कळले की यंत्राने तेही टिपले. उत्तराबाईंचे मन कचरले, म्हणोन त्यांनी मार्गदर्शक रणदिवे सरांस पुसिले, "सर, एवढा भाग काढून टाकू का?" सर बोलिले, "कात्री लावलेला पुरावा कसला पुरावा? नाव झाका, म्हणजे झालं." मग नाव झाकिले, "एक वृद्ध कासारीण" ऐसे लिहिले आणि संग्रह खुला केला आणि दरबारी टाळ्या जाहल्या. म्हातारीस तिचेच बोल एकवार ऐकवावे आणि ठेवू का म्हणोन विचारावे, हे कोणास सुचले नाही. एसटीने दीड तासाची वाट होती.

पुढे तालुक्याचे महाविद्यालयी उत्तराबाईंस प्रथम वर्षाचा वर्ग मिळाला आणि त्यांनी स्वाध्याय दिला, की प्रत्येकाने संग्रहातील एक मुद्रण ऐकावे आणि शब्दशः उतरून आणावे. पाचव्या दिवसाचे मुद्रण सुवर्णा नावाचे मुलीचे वाटणीस आले. ही त्या यमुनेची लेक, तान्ही असता आई गेली, आजीनेच वाढविली. नाव झाकिले होते खरे, आवाज कोण झाकणार? मुलीने आजीचा आवाज ओळखिला. सुबक अक्षरात आठ पाने लिहिली, आजी थांबली तेथे "थांबते" आणि रडली तेथे "रडते" ऐसे लिहिले. उत्तराबाईंनी दहापैकी नऊ गुण दिले आणि "छान ऐकलं आहेस" ऐसा शेरा मारिला. त्याच आठवड्यात सुवर्णा कपडे बांधोन वसतिगृहात राहावयास गेली.

मग म्हातारी स्वतः विभागात आली. "माझ्या नातीनं, सुवर्णानं, बोलनं टाकलंय. जाताना म्हनली, कालिजात तुझं बोलनं ऐकलं. मी काय बोलले ते मला ऐकवा." ऐकविले. खाली बघोन ऐकिले आणि म्हणाली, "हे मी तुला सांगितलं व्हतं, बाई. जगाला न्हवं." रागे भरली असती तर उत्तराबाईंस सोपे गेले असते. त्यांनी तेच क्षणी मुद्रण काढिले आणि वसतिगृह गाठिले आणि सुवर्णेस सांगितले की आता ते कोठेही नाही, कोणी ऐकणार नाही.

सुवर्णा बोलली, "मॅडम, शब्दन्‌शब्द लिहायचं होतं ना? मी अकरा वेळा ऐकलंय. काढून काय उपयोग, मला पाठ आहे."

एवंच, नूतन मंडळींनी संग्रह अवश्य करावा, परंतु ज्याचा आवाज त्यास आधी ऐकवावा, आणि तो नको म्हणाला तर पुसोन टाकावा, शास्त्र बुडत नाही. उत्तराबाईंस पदवी मिळाली. चंद्राबाई हयात आहे. या दिवाळीसही सुवर्णा तिजकडे गेली नाही.