पहिल्या बुधवारचा भोंगा

"वादळ? आणि आपल्या अंगणात? अगं, आलं तर मिशी उतरवून देईन!" ऑर्व्हल टेस्डालने लेकीला ठणकावून सांगितलं. ऑर्व्हलला मिशी नव्हती, त्यामुळे पैज तशी बिनधोक होती.

लेक सीग्रिड स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी कपाळाला हात लावून बसली होती. तिचं लग्न सान दिएगोच्या एड्रियन मेदेरोसशी ठरलं होतं. मुलगा सोन्यासारखा. प्रश्न एवढाच होता की लग्न लावायचं कुठे? सीग्रिडला ते इथे हवं होतं, आयोवातल्या स्टोन प्रेअरी गावात, बापाच्या अंगणातल्या हिरवळीवर. एड्रियनच्या आईवडिलांना ते सान दिएगोत हवं होतं, जिथे बाराही महिने हवा एकसारखी असते आणि छत्री कुठे ठेवलीय हे घरात कुणालाच आठवत नाही. "निदान एकदा येऊन अंगण तरी बघा," असं तिने फारच विनवलं, तेव्हा दोघं यायला कबूल झाली. एड्रियनला रजा नव्हती, पण ती दोघं आजच दुपारी जेवायला येणार होती.

ऑर्व्हलचा जीव त्या हिरवळीत अडकला होता. सीग्रिड तिथेच रांगली, तिथेच सायकलवरून पडली, तिथेच एकदा रुसून रात्रभर तंबू ठोकून राहिली. त्याच गवतावरून तिचा हात धरून तिला मांडवापर्यंत न्यायचं, हे त्याने ती चौथीत असतानाच मनाशी पक्कं केलं होतं. कुठल्यातरी हॉटेलच्या गालिच्यावरून तिला न्यायचं हा विचारही त्याला नकोसा व्हायचा.

"बाबा, दोन गोष्टींचं वचन द्या," सीग्रिड म्हणाली. "एक, जेवताना हवामानाचा विषय काढायचा नाही."

"मग बोलायचं काय?" ऑर्व्हलने खरोखरच गोंधळून विचारलं.

"आणि दुसरं, भोंगा वाजलाच तर सगळ्यांबरोबर मुकाट्याने तळघरात जायचं. मागच्या ओट्यावर उभं राहून बघायचं नाही!"

हे जरा जास्तच झालं. वादळाचा, म्हणजे टॉर्नेडोचा, भोंगा वाजला की तळघरात जायचं असतं हे स्टोन प्रेअरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण वादळ कुठून येतंय, केवढं आहे, कुणाच्या शेतावरून चाललंय हे न बघताच खाली जायचं म्हणजे यजमानाला न भेटता जेवून निघून जाण्यासारखं! टीव्हीवाले दोन शब्द वापरतात. वादळ होण्यासारखी हवा असली की 'वॉच', आणि वादळ खरंच दिसलं की 'वॉर्निंग'. ऑर्व्हलने त्यांचे आपल्यापुरते अर्थ लावून घेतले होते. वॉच म्हणजे बघा, आणि वॉर्निंग म्हणजे अजून नीट बघा! धान्याच्या उंच कोठारावर उभ्या जन्माची नोकरी केलेला माणूस तो. वरून आभाळ बघायची सवय लागली, ती नोकरी सुटली तरी सुटली नाही.

तरीही त्याने वचन दिलं. लेकीचं लग्न होतं, दुसरं करणार काय?

सकाळीच टीव्हीने 'वॉच' दिला. ऑर्व्हलने इकडेतिकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला. जून महिना, वॉच काय रोजचाच! पण घरात हवामानाचा एक रेडिओही होता. तो आपला आपणच किंचाळायचा आणि त्याला गप्प कसं करतात हे ऑर्व्हलला आजवर जमलं नव्हतं. त्याने तो उचलला, तळघरात नेला, धुण्याच्या टोपलीत तळाशी ठेवला आणि वर चादरी दाबून बसवल्या. मग हात झटकत तो वर आला आणि बायकोला, म्हणजे मार्लिसला म्हणाला, "काय प्रसन्न दिवस आहे!"

"तू तळघरात काय करत होतास?"

"धुणं बघत होतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ऑर्व्हलने धुण्याकडे बघितलेलं मार्लिसला आठवत नव्हतं. पण इतक्यात दारात गाडी थांबली.

विहीणबाई सेलेस्ट चणीने लहान, नजरेने धारदार. व्याही दुआर्ते उंच, रापलेले, मोजकं बोलणारे. त्यांचा जन्म टूना माशांच्या बोटीवर कप्तानकी करण्यात गेलेला. टेबलावर हॅम होतं, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल होतं आणि मधोमध मार्लिसची ती सुप्रसिद्ध हिरवी जेली थरथरत होती, आत किसलेलं गाजर घातलेली. सगळे जेवायला बसले. हवामान वगळून काय बोलायचं हे ऑर्व्हलला सुचेना.

"हवा फारच दमट आहे हो," सेलेस्टबाईच म्हणाल्या. "नेहमी अशीच असते का?"

ऑर्व्हलच्या ओठांवर सविस्तर उत्तर आलं. सीग्रिडने डोळे वटारले.

"जेली घ्या," ऑर्व्हल म्हणाला.

थोड्या वेळाने दुआर्ते खिडकीकडे बघत म्हणाले, "वारा एकदम पडला."

"जेली घ्या ना!"

"पक्षीही गप्प झालेत."

"तुम्ही जेली घेतच नाही आहात!"

आणि तेवढ्यात भोंगा वाजला! पाण्याच्या टाकीवरचा तो भोंगा असा काही रडतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याने खुर्चीच सोडावी. सेलेस्टबाईंच्या हातातला काटा खाली पडला. "हे काय आहे?"

ऑर्व्हलने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजत आला होता. त्याचा चेहरा उजळला. "अहो, घाबरू नका! महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी एकला भोंगा वाजवून बघतात, चालतोय की नाही ते. निव्वळ चाचणी! आमच्याकडे कुणी मानसुद्धा वर करत नाही."

"ऑर्व्हल," मार्लिस हातात रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन दारातच थबकली होती.

"अगं, दे ना केक त्यांना!"

पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोडून काढायचं नाही, हे मार्लिसला तिच्या आईने शिकवलं होतं. तिने आडवळण घेतलं. "आज कचऱ्याची गाडी नाही आली हं, ऑर्व्हल."

"येईल गं. त्यांचं नेहमीचंच!"

"दर बुधवारी सकाळी सकाळी येते ना ती?"

"मग? आज उशीर झाला असेल!"

"ऑर्व्हल, ती आज येणारच नाही आहे." मार्लिसने 'आज' या शब्दावर जेवढा भार टाकता येईल तेवढा टाकला. ऑर्व्हलला वाटलं, गाडीवाल्यांचा संप आहे.

दुआर्तेंनी अतिशय नम्रपणे विचारलं, "माफ करा, पण आज मंगळवार आहे ना? आमचं परतीचं विमान गुरुवारी आहे, म्हणजे परवा."

नोकरी होती तोवर ऑर्व्हलचे वार पक्के होते. ती सुटल्यापासून सगळे वार एकाच तोंडवळ्याचे झाले होते. बाहेर भोंगा एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. चाचणीत तो पुन्हा सुरू होत नाही. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ थेट टेबलावरच्या जेलीच्या रंगाचं झालं होतं.

"तळघरात!" मार्लिस ओरडली. केक तिने सोडला नाही.

तळघरात जुन्या सोफ्यावर सेलेस्टबाई पर्स पोटाशी धरून बसल्या. दुआर्ते छताकडे बघत उभे राहिले. सीग्रिडने सगळ्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "घाबरू नका, बाबांनी सकाळी बघितलंय, आज काही..."

धुण्याच्या टोपलीने किंकाळी फोडली.

सेलेस्टबाई सोफ्यावरून हातभर उडाल्या. टोपलीतून एक घोगरा आवाज बोलू लागला, "सकाळपासून लागू असलेल्या वॉचचं रूपांतर आता वॉर्निंगमध्ये..."

सीग्रिडने एकेक करून चादरी उचलल्या. "बाबा, हा इथे काय करतोय?"

"आईने धुवायला टाकला असेल."

"मी?" मार्लिस म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला सकाळीच माहीत होतं!" सीग्रिड बापाला म्हणाली.

"मला वाटलं टळेल गं," ऑर्व्हल कसाबसा म्हणाला. "नेहमी टळतं."

सीग्रिडने तोंड फिरवलं आणि ती चादरींच्या घड्या घालायला लागली. तिचे खांदे हलत होते. झालं, ऑर्व्हलच्या मनात आलं, गेली हिरवळ. आता विमानात बसायचं आणि गालिच्यावरून चालायचं. त्याला स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्याचे पाय जिन्याकडे ओढ घेत होते! वर वारा घोंघावायला लागला होता. कुठून येत असेल? पश्चिमेकडून की नैर्ऋत्येकडून? शेजारच्या लोवेलच्या शेतावरून की ओढ्याकडून?

"ओव्हन बंद केलास का गं?" त्याने विचारलं.

"केला."

"गाडीच्या काचा?"

"वर आहेत. बस खाली!"

तो बसला. तेवढ्यात दुआर्ते खाकरले. "माझा चष्मा वर राहिला वाटतं."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. ऑर्व्हलने तो बघितला. दुआर्तेंनी ऑर्व्हलला तो बघताना बघितलं.

"तुम्हाला घर माहीत नाही," ऑर्व्हल ताडकन उठला. "मी शोधायला मदत करतो!"

आणि दोघं जिना चढून गेलेसुद्धा!

मागच्या ओट्यावर पाऊल टाकलं आणि दोघांची तोंडं उघडीच राहिली. दूर, सोयाबीनच्या शेतांपलीकडे, ढगातून एक करड्या रंगाचा दोर खाली सोडल्यासारखा दिसत होता. खालच्या टोकाशी मातीचा फुफाटा उडत होता. इतकं मोठं काहीतरी आणि इतकं सावकाश चाललेलं, जणू काही हरवलेलं शोधतंय. ऑर्व्हलने असे कितीतरी बघितले होते, पण प्रत्येक वेळी त्याला पहिल्यांदा बघितल्यासारखंच वाटायचं.

"समुद्रावर पाण्याचे असले दोर बघितलेत," दुआर्ते हळूच म्हणाले. "मातीचा नाही बघितला. आपल्याकडे येतोय का?"

"तो विजेचा खांब धरा. दोर खांबाच्या डावी-उजवीकडे सरकला तर तो दुसरीकडे चाललाय. न सरकता नुसता जाड होत गेला तर पळा!"

दोघं एक डोळा मिटून खांबाकडे बघत राहिले.

"उजवीकडे," कप्तान म्हणाले. "सरकतोय."

"अहो!" मागून आवाज आला. सेलेस्टबाई नवऱ्याला खाली न्यायला आल्या होत्या. मग त्यांना तो दोर दिसला. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"सेलेस्ट आंटी, चला खाली!" त्यांना न्यायला सीग्रिड आली. ती बापाला झापणार होती, पण तिनेही आभाळाकडे बघितलं. शेवटी ती टेस्डालांचीच पोर! ती बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग केक घेऊन मार्लिस आली. "तळघरात एकटीने कुणासाठी बसू? सरका जरा!"

सेलेस्टबाईंनी आजूबाजूला नजर टाकली. शेजारच्या ओट्यावर लोवेल कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या पलीकडच्या ओट्यावर एक आजीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. साऱ्या गल्लीत ओट्याओट्यांवर माणसं! लोवेलने हात हलवला, ऑर्व्हलनेही हलवला.

"मग तळघरात नक्की कोण बसतं तुमच्याकडे?" सेलेस्टबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. दोर उत्तरेकडे वाकला, बारीक झाला, विरून गेला, आणि पाठोपाठ लिंबाएवढ्या गारा सुटल्या. सगळे ढकलाढकली करत घरात घुसले. दहा मिनिटांत सगळं थांबलं आणि लख्ख ऊन पडलं. अंगणात हिरवळीच्या बरोब्बर मधोमध लोवेलच्या पोरांचं उड्या मारायचं भलंमोठं ट्रॅम्पोलिन वाऱ्याने उडून येऊन बसलं होतं. मागोमाग लोवेल. "माफ करा हं, आमचं तुमच्याकडे आलं."

"असू दे, असू दे! कॉफी घेऊन जा," ऑर्व्हल म्हणाला. त्याने व्याह्यांकडे बघितलं. आता निकाल.

सेलेस्टबाई केसांतला बर्फ झटकत होत्या. "हे तीस वर्षं समुद्रावरून येऊन मला काय काय सांगायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, थापा मारतात. आज कळलं." मग त्या ऑर्व्हलकडे वळल्या. "लग्न इथेच करू. पुढच्या जूनमध्ये."

ऑर्व्हलला धड हसताही येईना.

"पण एक आहे. आमचे चाळीस पाहुणे एवढ्या लांबून येणार. त्यांना हे दिसलं पाहिजे हं! जूनमध्ये असतं ना?"

ऑर्व्हलने सीग्रिडकडे बघितलं. सीग्रिडने छताकडे बघितलं.

"हमखास!" ऑर्व्हल म्हणाला. "वादळ आमच्या अंगणात नाही येणार तर जाईल कुठे!"

पुढच्या वर्षी लग्नाच्या आदल्या दिवशी काळंकुट्ट भरून आलं. लग्नाच्या दिवशी मात्र आभाळ कसं? नुकतं धुऊन वाळत घातलेलं! पानसुद्धा हलत नव्हतं. सान दिएगोचे चाळीस पाहुणे खुर्च्या पश्चिमेकडे वळवून, कॅमेरे सरसावून बसले होते. ऑर्व्हल कोट घालून एकेकाची माफी मागत फिरत होता. "काल यायला हवं होतंत हो. काल काय सुंदर काळोख झाला होता!"

मग वाद्यं वाजली आणि सीग्रिडने त्याच्या हातात हात घातला. पायाखाली तेच गवत होतं. चार पावलं चालला नाही तोच ऑर्व्हलचे डोळे काठोकाठ भरून आले. ते गालांवर येऊ नयेत म्हणून त्याने झटकन मान वर केली आणि आभाळाकडे टक लावून चालू लागला.

"वर बघतोय!" पाहुण्यांत कुणीतरी कुजबुजलं. "आलं वाटतं!"

चाळीसच्या चाळीस कॅमेरे एकदम वर गेले. टेस्डालांच्या घरी लग्नाचा अल्बम आहे, कुणालाही कौतुकाने दाखवतात. निळं आकाश त्यात फार सुंदर आलंय. नवरी कुठल्याच फोटोत नाही.