थेंबाचं बटण

गुलाबांना घाम फुटला होता. टेबलावर साखरेचे गुलाब ओळीने मांडलेले, आणि एकूण एक पाकळी चकचकीत आणि चिकट. सूनबाईंनी एका गुलाबाला हळूच बोट लावलं तर पाकळी बोटाबरोबरच निघून आली. संध्याकाळी नणंदेच्या लग्नाचं रिसेप्शन. तिथे तीन मजली केक आणि त्या केकवर हे गुलाब! बँकेतली चांगली नोकरी सोडून केक करायला घेतल्यापासूनचं हे पहिलं मोठं काम, तेही घरचं. म्हणजे बिघडलं तर जन्मभर ऐकून घ्यायची सोय झालीच.

"आई! बाबा! फुलं वितळतायत!"

सासूबाई धावत आल्या, पाठोपाठ सासरे आले, त्यांच्यामागून दोन मावश्या 'काय झालं, काय झालं' करत आल्या. दार सताड उघडं टाकून सगळ्यांनी टेबलाभोवती गर्दी केली आणि गुलाबांना आणखीनच घाम आला.

"एसी कितीवर आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"अठरा."

"मग सोळा कर."

"बाबा, गारठा भरपूर झालाय. बघा, माझी बोटं काकडलीयत. पण हवा कशी चिकट लागतेय!"

सूनबाईंनी आपल्या केक शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, हीच पहिली चूक झाली. बाई म्हणाल्या, "अगं, साखर नुसत्या गारव्याने वाळत नाही. खोलीतली हवा दमट आहे. रिमोटवर थेंबाचं चित्र असेल, ते बटण दाब. आणि खोलीत पाणी कुठून येतंय ते आधी शोध."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि सासऱ्यांची पाठ ताठ झाली.

सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात त्यांनी गळत्या शोधण्यात घालवली. रस्त्याला कान लावून खालचा पाइप कुठे फुटलाय ते सांगायचे, म्हणून खात्यात त्यांना सगळे 'थेंबसाहेब' म्हणत. घरात नळ टपकला तर भरल्या ताटावरून उठत. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण लोक बचतीसाठी वापरतात, ते धमकी द्यायला वापरत.

त्यात आज सकाळपासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. खुर्ची उचलायला जावं तर कुणीतरी म्हणे, "राहू द्या, तुम्ही बसा." लेकीच्या खोलीशी दोनदा जाऊन आले. एकदा ती केस करून घेत होती, एकदा डोळे. "बाबा, नंतर हं," म्हणाली. नंतर म्हणजे कधी, हे विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. लग्नघरात सगळ्यात रिकामा माणूस म्हणजे मुलीचा बाप, हे त्यांना आजच कळलं होतं.

आता मात्र घराला त्यांची गरज होती. त्यांनी सगळ्यात आधी रिमोट उचलून स्वतःच्या खिशात टाकला.

"बाबा, ते थेंबाचं बटण..."

"अजिबात नाही. आधीच पाणी जास्त झालंय आणि ही बाई म्हणते आणखी थेंब सोडा!"

"अहो, तो ड्राय मोड आहे. हवा कोरडी करतो."

"कोरडी करायची असती तर थेंब कशाला काढला असता? सूर्य काढला असता!"

सूनबाईंनी रिमोटचा नाद सोडला.

शोध सुरू झाला. कपाटामागे ओल्या टॉवेलांचा स्टँड सापडला. पाहुण्यांचे सगळे टॉवेल तिथे ओळीने लोंबत होते.

"मीच ठेवलाय," सासूबाई पुटपुटल्या. "म्हटलं, गारव्यात पटकन वाळतील."

"आई, ते सगळं पाणी फुलांवर बसतंय!"

टॉवेल बाहेर गेले. सासरे इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एका गळतीवर समाधान मानतील ते थेंबसाहेब कसले? ते गॅलरीत गेले, आणि तिथे एसीचा बारीक पाइप टप टप टप करत होता. कुंडीखाली चांगलं थारोळं साचलं होतं.

"सापडली!" ते स्वतःशीच म्हणाले. चिंधी, नळाला गुंडाळायची पांढरी टेप आणि चाळीस वर्षांचा अनुभव पणाला लावून त्यांनी पाइपला असं बूच मारलं की थेंबाची काय बिशाद! मग आत येऊन, हात पुसत, खुर्चीवर ऐटीत बसले.

थोड्या वेळाने सूनबाईंची किंकाळी ऐकू आली. एसीच्या तोंडातून आत पाणी टपकत होतं, आणि पहिला थेंब सगळ्यात मोठ्या गुलाबाच्या बरोबर मधोमध पडला होता. गुलाबाचा बघता बघता पाक झाला. सासूसुनांनी टेबल ओढून बाजूला घेतलं.

"बाबा, गॅलरीतल्या पाइपला काही केलंत का?"

"बूच मारलं. बाहेर गळत होतं ना!"

सूनबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज त्यांनी चढवला नाही. "बाबा, ती गळती नव्हती हो. एसी खोलीतली ओल ओढून घेतो आणि तिथून बाहेर टाकतो. ते पाणी बाहेर पडायलाच हवं. तुंबवलं की आत गळतं."

सासरे तडक उठले. गॅलरीत जाऊन त्यांनी बूच काढलं, तेव्हा तुंबलेलं सगळं पाणी त्यांच्या पायावर आलं. ओल्या पायांनीच परत येऊन त्यांनी खिशातला रिमोट काढला, आणि थेंबाचं बटण डोळे मिटून स्वतः दाबलं. मग दार लावून घेतलं, दारापाशी खुर्ची टाकली आणि पहाऱ्याला बसले. दुपारभर त्यांनी कुणालाही आत सोडलं नाही. सासूबाईंचं पाकीट आत राहिलं होतं, त्यांनाही नाही.

गुलाब वाळले. एक सोडून सगळे वाचले.

संध्याकाळी हॉलमध्ये केक पाहून लोकांनी "खरी फुलं आहेत का हो?" असं विचारलं, आणि सासऱ्यांनी न विचारलेल्यांनाही सांगितलं, "साखरेची आहेत. आमच्या सूनबाईंनी केलीत." सूनबाईंना त्या दिवसाचा सगळा शीण तिथेच उतरल्यासारखा वाटला.

केक कापायला सुरी हातात घेतली आणि लेक थांबली. वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, आता माझ्या घरी नळ टपकला तर मी कुणाला हाक मारू?"

सासऱ्यांनी हसायचा प्रयत्न केला. ओठ दाबले, छताकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला. काही उपयोग झाला नाही.

"अहो, सगळे बघतायत," सासूबाई कुजबुजल्या. "आवरा."

"नाही आवरत," लेकीला जवळ घेऊन ते म्हणाले. "पडू दे बाहेर. तुंबवलं की आत गळतं."

मग लेकही रडायला लागली, सासूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. सूनबाईंनी मात्र डोळे पुसायच्या आधी केकचं टेबल हळूच दोन हात मागे ओढून घेतलं.